केशरी पट्टीचे सेल

जळकोट,
१२ मे २०२५

ती. शिवमूर्ती अण्णास, धाकट्या नीलम्माचा शरणार्थ.

गेल्या पंचमीपासून तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. नऊ महिने झाले, एवढ्यात घरात पाळणा हलतो. फोन केला की तुझी सून उचलते. "मामा आत्ताच पडलेत, आत्या," म्हणते. सकाळी पडलेले, दुपारी पडलेले, दिवेलागणीलाही पडलेलेच. अंजू गुणाची पोर आहे, तिला खोटं बोलायला लावू नकोस. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला 'पडलेत' सांगून परत पाठवता येत नाही.

राग काढायला लिहीत नाही, काम आहे. आमच्या टीव्हीचा रिमोट बंद पडला. तुझे दाजी तो आधी तळहातावर आपटत होते, मग मांडीवर, आता बाजेच्या लाकडावर आपटतात. आपल्याच किराणा दुकानातले नवे सेल घातले, तरी ढिम्म. नात शिवांगी म्हणते, "आज्जी, नवा मागवू, दोन दिवसांत घरी येतो." मी म्हटलं, माझ्या भावानं उदगीरच्या दुकानात बेचाळीस वर्षं रेडिओ, टेप आणि बॅटऱ्या दुरुस्त केल्या, आणि मी रिमोट फेकून देऊ होय? काय करायचं ते सविस्तर कळव.

पंचमी यंदा २९ जुलैला आहे. माझ्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. त्यातल्या पंचेचाळीस पंचम्यांना तू मुराळी होऊन मला माहेरी न्यायला आलास. दोन चुकल्या. पहिली वहिनी गेली त्या वर्षीची, ती मी धरत नाही. दुसरी मात्र धरते.

तुझी नीला

*

विष्णुपुरी, नांदेड
२१ मे २०२५

चि. सौ. नीलास आशीर्वाद.

दाजींना सांग, रिमोट म्हणजे नारळ नव्हे. आपटल्यावर सेल जागचा हलतो, घडीभर चालतो, आणि माणसाला वाटतं की मारल्यानं सुधारला. पोरांच्या बाबतीतही लोकांचा असाच गैरसमज असतो.

आधी रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी काढ. असणारच, न बघता सांगतो. सेल बाहेर काढ. एक नवा आणि एक जुना घातला असशील तर दोन्ही बदल, जुना नव्याला खाऊन टाकतो. स्प्रिंगवर बुरशीसारखं काही दिसलं तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा एक थेंब घेऊन पूस, वाळू दे, आणि शाळेच्या खोडरबरानं घास. ब्लेड लावू नको, वरचा मुलामा निघून जातो. मग शिवांगीला तिच्या मोबाईलचा कॅमेरा चालू करायला सांग, पोरी स्वतःचे फोटो काढतात तो. रिमोटच्या टोकाचा बारीक दिवा त्याच्यासमोर धर आणि बटण दाब. तो उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. लुकलुकला तर रिमोट निर्दोष, दोष टीव्हीचा.

इथं सगळं ठीक. पोरगा अमरनाथ सकाळी कॉलेजवर शिकवायला जातो तो संध्याकाळी येतो. या घरात एक वस्तू बिघडत नाही, कारण बिघडायच्या आधीच नवी येते. माझी तारांना डाग द्यायच्या कैय्याची पेटी खाटेखाली आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी काढून नुसती पुसली.

फोनचं म्हणशील, तर माझ्या फोनला खरखर आहे. पंचमीचं पुढं बघू.

शिवमूर्ती

*

जळकोट,
२ जून २०२५

ती. अण्णास शरणार्थ.

रिमोट जिंकला. पिशवी होती, बुरशी नव्हती, सेल दोन्ही नवे. शिवांगीच्या कॅमेऱ्यात दिवा असा लुकलुकला की ती म्हणाली, "आज्जी, हे तर भारीच हाय." मग टीव्हीकडे गेलो. सुनेनं विणलेली झालर टीव्हीवरून खाली लोंबत होती, नेमकी त्याच्या डोळ्यावर. बाजेला इतका मार उगाच बसला. दाजी म्हणाले, "मी तर पहिल्यापासून म्हणून राहिलो, रिमोट चांगला हाय." मी झालर वर खोचून दिली.

आता भिंतीवरचं घड्याळ थांबलं आहे. चांगलं चालत होतं, नवा सेल घातला आणि ठप्प.

तुझं पत्र वाचताना आपल्या घराची गच्ची आठवली. उन्हाळ्यात गिऱ्हाइकांचे उतरलेले सेल तू माझ्याकडे द्यायचास आणि मी ते पत्र्यावर पापडासारखे ओळीनं वाळत घालायची. दोन दिवस ऊन खाल्लं की बिचारे आणखी आठवडाभर उजेड द्यायचे. कुणाचा कुठला हे तू विचारलंस की मी न चुकता सांगायची. हाळीच्या गुरुजींचे चार, तोंडारच्या पाटलाचे तीन.

एक विचारते, खरं सांग. मागच्या पंचमीच्या आदल्या दिवशी मी पिशवी भरून ओट्यावर बसले होते. दुपार टळली तेव्हा तुला फोन लावला. तू उचललास. मी म्हटलं, "अण्णा, कुठवर आलास?" पुन्हा म्हटलं. तू चकार शब्द न बोलता ठेवून दिलास. ती पिशवी मी पाच दिवस रिकामी केली नाही. माझं काय चुकलं ते तरी कळव.

तुझी नीला

*

विष्णुपुरी,
१३ जून २०२५

चि. सौ. नीलास आशीर्वाद.

चालतं घड्याळ नवा सेल घातल्यावर थांबलं तर कारणं दोनच. एक तर आतली पट्टी सैल झाली, नाहीतर सेल उलटा घातला. पट्टी सैल असती तर तू केव्हाच वाकवून घेतली असतीस. म्हणजे सेल उलटा. आणि जी पोरगी आठव्या वर्षी डोळे मिटून सेलाची टोपी चाचपून सरळ-उलटा सांगायची, ती सहासष्टाव्या वर्षी सेल उलटा घालत नाही. मुद्दाम घातला तर गोष्ट वेगळी.

तू मला काम देऊन राहिलीस हे मला कळलं, नीला. देत जा. दुकान बंद झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही.

त्या दिवशी माझ्या फोनची बॅटरी संपली. तुझं काही चुकलं नाही. या विषयावर पुन्हा लिहू नको.

शिवमूर्ती

(याच पाकिटात, वेगळ्या कागदावर)

आत्या, शरणार्थ. मामांनी पाकीट चिकटवायला दिलं, त्यात ही चिठ्ठी टाकते. मामांना जवळजवळ ऐकू येत नाही. दीड वर्षापूर्वी कानाचं मशीन आणलं. घातलं की दोन-चार तास चालतं आणि मुकं होतं. मशीनवाल्यानं त्याच्याकडचा सेल घालून दोनदा तपासलं, मशीन चांगलं आहे म्हणतो. मामा म्हणतात बाजारातले सेलच बोगस. त्यांच्या सेलांना ते कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "जन्म गेला माझा सेलात, तुम्ही मला शिकवू नका." आता मशीन डबीत पडून आहे. कुणी आलं की आत जाऊन पडतात, म्हणून मी फोनवर तसं सांगते. तुम्ही तरी काही करा. मी कळवलं हे त्यांना कळू देऊ नका. अंजू.

*

जळकोट,
२३ जून २०२५

ती. अण्णास शरणार्थ.

चोरी पकडलीस. घड्याळ चालू केलं.

आता खरंच एक अडचण आहे, माझी नाही, शेजारच्या केवळाबाईची. ती रे, बांधाला बांध लागून शेत असलेली. तिला कानाचं मशीन आणलं आहे. दोन-चार तास चालतं आणि बंद पडतं. लेक म्हणतो मशीन चांगलं आहे. बाई बिचारी चारचौघांत बसायची बंद झाली. कुणी हसलं की तिला वाटतं आपल्यालाच हसले. परवा माझ्याजवळ रडली. मी तिला म्हटलं, माझ्या अण्णाला विचारते, त्याला माहीत नाही असा सेल अजून निघायचा आहे.

ते सेल अगदी बारीक असतात म्हणे, शर्टाच्या गुंडीएवढे. ते कसे सांभाळायचे, घालायचे, ठेवायचे, जे तुला ठाऊक आहे ते सगळं लिही. काही वगळू नकोस. बाईचं म्हातारपण त्यावर आहे.

तुझी नीला

*

विष्णुपुरी,
२ जुलै २०२५

चि. सौ. नीलास आशीर्वाद.

केवळाबाईला माझा नमस्कार सांग. तिची अडचण मी चांगली ओळखून आहे. माझ्या माहितीतल्या एका म्हाताऱ्याकडे असंच मशीन आहे. त्याचे सेल मी स्वतः तपासले, म्हणून सांगतो.

हे सेल मुळातच खोटे आहेत. एका पाकिटात सहा येतात. प्रत्येकाच्या पाठीवर केशरी पट्टी चिकटवलेली असते. पट्टी काढली की खाली काय निघतं? भोक. टाचणीच्या टोकाएवढं, काही सेलांना तर तीन-चार. भोक पडलेला माल विकायचा आणि वर पट्टी चिकटवून झाकायचं. आपल्या दुकानात असा माल कुणी आणला असता तर मी पाकीट रस्त्यावर फेकलं असतं.

माझी रीत तुला माहीत आहे. माल आला की त्याच दिवशी सगळा तपासायचा. तसं त्या म्हाताऱ्याचं पाकीट आलं की मी सहाच्या सहा पट्ट्या काढतो, मीटर लावून बघतो, आणि प्रत्येक भोकावर मेणबत्तीचं मेण थेंबभर टाकून बुजवतो. सेल गळला की काय होतं ते आपल्या घराला नव्यानं सांगायला नको. आप्पांचा रेडिओ मी अजून विसरलो नाही. एवढी काळजी घेऊनही सेल दोन-चार तासांच्या वर चालत नाहीत. मग माणसानं काय करावं? म्हाताऱ्यानं मशीन डबीत घालून ठेवलं. केवळाबाईलाही तेच सांग. नसलेल्या आवाजाची सवय होते. आधी त्रास होतो, मग होत नाही.

शिवमूर्ती

*

जळकोट,
११ जुलै २०२५

ती. अण्णास शरणार्थ.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मग शिवांगीला घेऊन उदगीरला गेले. तिथं कानाचे डॉक्टर बसतात, त्यांच्या टेबलावर तुझं पत्र ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आजी, ज्यांनी हे लिहिलं ते फार मोठे मेकॅनिक असणार. साध्या माणसाला भोक दिसतसुद्धा नाही."

अण्णा, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. हे सेल हवेवर चालतात. पट्टी आहे तोवर सेल झोपलेला, काढली की भोकातून हवा आत जाते आणि तो जागा होतो. म्हणून एका वेळी एकाचीच पट्टी काढायची, चार-पाच मिनिटं तसाच उघडा ठेवायचा, आणि मगच मशीनमध्ये घालायचा. एकदा जागा झाला की वापरा नाहीतर ठेवा, आठ-दहा दिवसांत संपतो. पट्टी पुन्हा चिकटवून उपयोग नाही. तू साही एकदम जागे केलेस, आणि वर मेण लावून त्यांचा श्वास कोंडलास. पट्टी काढल्यावर जी काय हवा आत गेली, त्यावर बिचारे दोन-चार तास तरी चालले.

या चुकीत माझा वाटा आहे, म्हणून आज लिहूनच टाकते. आपण सगळे मावशीच्या घरच्या लग्नाला महिनाभर बिदरला गेलो तेव्हा आप्पांच्या रेडिओतले सेल काढून ठेवायचं काम माझं होतं. मी विसरले. परत आलो तर सेल गळून आतलं सगळं हिरवं झालेलं. आप्पांनी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "मी विसरलो." चाबकानं मार तू खाल्लास आणि मी चुलीमागं लपून बसले. त्यानंतर तू तो रेडिओ उघडून बसलास, तो उठलाच नाहीस, त्यातूनच दुकान झालं. साठ वर्षं झाली अण्णा, तू अजून माझ्या चुकीची भोकं बुजवतो आहेस.

केवळाबाईच्या कानात काही नाही. गल्लीच्या टोकाला कुणी कुजबुजलं तरी तिला ऐकू जातं. तुझा तो म्हाताराही मी ओळखला.

रजिस्टर पोस्टानं केशरी पट्टीचं एक पाकीट पाठवते आहे. मेण लावू नकोस. २८ तारखेला मी पिशवी भरून ओट्यावर बसणार आहे. फोन करणार नाही. तू आला नाहीस तर पिशवी यंदा रिकामी करणार नाही, पुढच्या पंचमीपर्यंत तशीच दारात ठेवीन. येणारे-जाणारे विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तूच कळव.

तुझी नीला

*

विष्णुपुरी,
२० जुलै २०२५

चि. सौ. नीलास आशीर्वाद.

पाकीट मिळालं. पत्र वाचून दोन दिवस ते उशाखालीच ठेवलं. बेचाळीस वर्षं या धंद्यात घालवली आणि गुंडीएवढ्या सेलानं माझं नाक कापलं. तिसऱ्या दिवशी इष्टलिंगाची पूजा झाल्यावर एक पट्टी काढली. एकच. समोर घड्याळ ठेवून पाच मिनिटं बसलो. मेणबत्ती जवळच होती, हात दोनदा तिकडे गेला, खोटं सांगत नाही.

मग मशीन कानात घातलं. आधी पंखा ऐकू आला. टकटक करतो, कुणाच्या लक्षात नाही, तेल मागतो आहे. मग कुकरची शिट्टी. मग अंजू आत कुणाला तरी हळूच म्हणाली, "आज मामा जेवले का बघा." माझ्या सुनेचा आवाज इतका मऊ आहे हे मला माहीत नव्हतं. दीड वर्ष मी तिच्या तोंडाकडे बघून समजत होतो की ती माझ्यावर खेकसते.

आज अकरावा दिवस समज, सेल अजून चालू आहे. नाही, चुकलो, पाचवा. आनंदात मोजणी चुकते.

आता तुझ्या त्या पिशवीचं. मागच्या पंचमीला मी निघालो होतो, नीला. धुतलेलं धोतर, टोपी, तुझ्यासाठी शेंगाचे उंडे, सगळं घेऊन नांदेडच्या स्टँडवर गेलो. मशीन अर्ध्या वाटेत मुकं झालं. जळकोटवरून जाणारी उदगीर गाडी कुठं लागते ते एकाला विचारलं. त्यानं हात केला, काय म्हणाला ते कळलं नाही, मी हाताच्या दिशेनं जाऊन गाडीत बसलो. कंडक्टर काहीतरी विचारत होता, मी नुसता "हाव, हाव" करत पैसे पुढे केले. उतरलो तर देगलूर. तिथल्या बाकावर बसलो असताना तुझा फोन आला. नाव दिसलं. उचलला, कानाला लावला, काहीच नाही. तू बोलते आहेस एवढं समजत होतं आणि काय बोलते आहेस ते समजत नव्हतं. मी काय उत्तर देऊ? ठेवून दिला. उंडे तिथल्या लेकरांना वाटले आणि परत आलो. घरी सांगितलं की तुझ्या घरी पाहुणे आहेत, म्हणून आली नाहीस. दुकानात येऊन ज्याला सगळे गाड्यांच्या वेळा विचारायचे तो मी, मला कुणाला सांगायची लाज वाटली.

आप्पांच्या रेडिओचं मला तेव्हाच माहीत होतं. चुलीमागून तुझे पाय दिसत होते. मार खाल्ला त्याचं दुःख कधीच झालं नाही, उलट धंदा लागला. तू त्याचं ओझं वाहत होतीस हे कळलं असतं तर चाळीस वर्षांपूर्वीच सांगितलं असतं.

२८ला सकाळच्या गाडीनं येतो. खिशात पाच सेल आहेत, पट्ट्यांसकट.

शिवमूर्ती

*

जळकोट,
६ ऑगस्ट २०२५

ती. अण्णास शरणार्थ.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. अंजूनं दिलेलं सगळं शिगोशीग आणलं, दाजींनी निम्मं संपवलं.

तिथं असताना एक सांगितलं नाही, ते आता लिहिते. २८ला तू आमच्या दारात आलास, दाजींशी बोललास, पाय धुऊन ओट्यावर बसलास. मला मात्र धीर नव्हता. मला वाटत होतं, हा सगळ्यांच्या तोंडाकडे बघून अंदाजानं मान हलवतो आहे. म्हणून मी आत गेले, दाराआड उभी राहिले आणि तुझ्या पाठीमागून, अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "अण्णा, चहात गूळ घालू का साखर?"

तू मागं न बघता म्हणालास, "गूळ. आन् जरासंक आलं टाक."

तू मला चहाला इतका वेळ का लागला म्हणून विचारलंस. आलं सापडत नव्हतं असं मी सांगितलं. आलं समोरच होतं. मी चुलीजवळ बसून रडत होते. माल आला की आधी तपासून घ्यायचा ही तुझीच रीत, राग मानू नकोस.

पंचमीला तुमच्या अंगणात झोक्यावर मी गाणं म्हटलं तेव्हा तिसऱ्या कडव्याला तू खुर्चीतून ओरडलास, "चुकलीस." लहानपणीही तिथंच चुकायची. दोन वर्षं मला कुणी चूक दाखवली नव्हती.

आता तुला फोनवर सगळं ऐकू येतं, तेव्हा पत्राचं काम संपलं असं शिवांगी म्हणते. तिला काय कळतंय. आमची बॅटरी कालपासून लागत नाही. सेल नवे, बल्ब चांगला, स्प्रिंग मी स्वतः घासली, टोपी चाचपून बघितली. सेल सरळ आहेत, शपथ. ह्या वेळी खरंच काही समजत नाही.

सविस्तर कळव. घाई नाही.

तुझी नीला